अमेरिकन आर्ट पॉटरी: जुनी भांडी पारखण्याची आणि जमवण्याची रीत

१८७६ साली फिलाडेल्फियाच्या शताब्दी प्रदर्शनात फ्रेंच कारागिरांनी पातळ रंगीत मातीच्या लेपाने चितारलेली भांडी मांडली होती. ती पाहून आलेल्या सिनसिनाटीच्या मेरी लुईझ मॅकलॉग्लिन यांनी ते तंत्र स्वतः प्रयोग करून साधले, आणि १८८० मध्ये त्याच शहरात मारिया लाँगवर्थ निकोल्स यांनी रुकवूड पॉटरी सुरू केली. भांडे हे केवळ साठवणीचे साधन न मानता कलावस्तू म्हणून घडवण्याची जी लाट त्यानंतर अमेरिकेत पसरली, तिला आर्ट पॉटरी म्हणतात. ढोबळमानाने १८८० ते १९३० हा तिचा बहराचा काळ होता. संग्राहक मात्र रोझव्हिलसारख्या कारखान्यांचे १९५० च्या आसपासपर्यंतचे कामही त्यातच धरतात.

ही भांडी जमवू पाहणारा नवा माणूस फुलदाणी हातात आली की बहुधा ती लगेच उलटी करतो, तळावरचे नाव वाचतो, आणि नाव ओळखीचे निघाले की त्याचा निर्णय तिथेच होऊन जातो. माझा आग्रह नेमका उलट क्रमाचा आहे. आधी घडण पाहावी, मग माती, मग झिलई (भट्टीत वितळून भांड्यावर बसलेला काचेसारखा लेप), मग चित्रकाम, मग मोडतोड आणि दुरुस्ती, आणि तळाची छाप सर्वांत शेवटी. छाप साच्यातून सहज उतरवता येते. झिलईची खोली आणि तळाच्या कडेवर उघड्या राहिलेल्या मातीचा पोत उतरवणे फार अवघड असते. शिवाय अस्सल भांड्यांपैकी कितीतरी भांड्यांवर छापच नसते, किंवा असली तरी वाचता येत नाही.

काय जमवायचे ते आधी ठरवा

हे क्षेत्र इतके विस्तृत आहे की दिसेल ते घेत गेल्यास चार वर्षांनी घरात संग्रहाऐवजी पसारा उरतो. एकट्या ओहायो राज्यातील झेन्सव्हिल आणि आसपासच्या गावांतून वेलर, रोझव्हिल आणि ओवेन्स या कारखान्यांनी प्रचंड माल बाजारात आणला. दुसऱ्या टोकाला ॲडलेड ऑल्सॉप रॉबिनो यांच्यासारख्या कलावंत आहेत, ज्यांनी एकेका पोर्सेलीन भांड्यावर महिनोन्महिने काम केले. त्यांची १९१० ची ‘स्कॅरब व्हेस’ सिराक्यूजच्या एव्हर्सन संग्रहालयात पाहता येते. या दोन टोकांमध्ये कुठेतरी आपला एक अरुंद पट्टा निवडावा.

तो निवडण्याचे काही मार्ग खरोखर उपयोगी पडतात. एक मार्ग झिलईचा आहे: केवळ मंद, चकाकी नसलेली हिरवी झिलई घेऊन तिच्यात बॉस्टनचे ग्रूबी, इलिनॉयचे टेको आणि त्यांच्या वाटेने गेलेले लहान कारखाने जमवता येतात. दुसरा मार्ग एका कारखान्याच्या कालक्रमाचा आहे, आणि त्यासाठी रुकवूडइतके सोयीचे दुसरे नाव नाही, कारण तिथे जवळपास प्रत्येक भांड्यावर वर्ष वाचता येते. तिसरा मार्ग मला स्वतःला सर्वांत रसाळ वाटतो, आणि तो म्हणजे सामाजिक हेतूने उभ्या राहिलेल्या कार्यशाळा. न्यू ऑर्लिन्सच्या न्यूकम महाविद्यालयात १८९५ पासून तरुणींना या कामातून उपजीविका मिळावी म्हणून पॉटरी चालवली गेली. मॅसॅच्युसेट्समधील मार्बलहेड पॉटरी डॉ. हर्बर्ट हॉल यांनी १९०४ मध्ये आजारातून सावरणाऱ्या रुग्णांसाठी सुरू केली. कॅलिफोर्नियातील फेअरफॅक्स येथील अरेक्विपा ही १९११ ते १९१८ या काळात क्षयरोगी स्त्रियांच्या आरोग्यधामात चालली, तर बॉस्टनची पॉल रिव्हिअर पॉटरी स्थलांतरित कुटुंबांतील मुलींच्या वाचनमंडळातून वाढली. या मंडळाचे ‘सॅटरडे इव्हनिंग गर्ल्स’ हे नाव आजही त्या भांड्यांना चिकटून आहे.

खिशाचाही विचार लगेच करावा. रोझव्हिलच्या शेवटच्या दीड दशकातील फुलापानांच्या लहान फुलदाण्या आणि रुकवूडची चित्रकाराच्या सहीविना निघालेली साच्यातील छोटी भांडी शंभर-दोनशे डॉलरांच्या आसपास मिळू शकतात. न्यूकमचे कोरीव काम किंवा ग्रूबीची पानांनी वेढलेली उत्तम फुलदाणी हजारो डॉलरांत जाते, आणि ग्रूबीच्या हिरव्यावर पिवळ्या किंवा पांढऱ्या कळ्या असतील तर किंमत आणखी चढते. गेल्या काही दशकांत मध्यम दर्जाच्या मालाचे भाव उतरले आणि उत्कृष्ट मालाचे टिकले. त्यामुळे पाच सामान्य भांड्यांच्या पैशात एक निर्दोष भांडे घेणे, हाच माझ्या मते शहाणपणाचा व्यवहार आहे.

भांडे हातात घेऊन वाचणे

छायाचित्रांवरून डोळा तयार होत नाही, म्हणून पहिला काही काळ काहीही विकत न घेता फक्त पाहण्यात घालवावा. सिनसिनाटी आर्ट म्युझियममध्ये रुकवूडचा, न्यू ऑर्लिन्सच्या टुलेन विद्यापीठातील न्यूकम संग्रहालयात न्यूकमचा आणि फ्लोरिडातील सेंट पीटर्सबर्ग येथे २०२१ मध्ये उघडलेल्या अमेरिकन आर्ट्स अँड क्राफ्ट्स चळवळीच्या संग्रहालयात अनेक कार्यशाळांचा माल पाहता येतो. परंतु संग्रहालयात काच आड येते. त्याहून मोठा गुरू म्हणजे लिलावापूर्वीचे प्रदर्शन, जिथे भांडी हातात घेऊ देतात आणि पैसेही पडत नाहीत. हातात घेताना काठाला किंवा कानाला धरू नये. एक हात तळाखाली आणि दुसरा पोटाला असावा. बोटांतील अंगठ्या आधीच काढून ठेवाव्यात.

घडणीकडे पाहताना पहिला प्रश्न असा की भांडे चाकावर ओढलेले आहे की साच्यातून काढलेले. चाकावरच्या भांड्याच्या आतील अंगावर बोटांच्या फिरत्या वळ्या लागतात. साच्याच्या भांड्यावर समोरासमोर दोन बारीक सांधे दिसू शकतात, आणि बाहेरचा उठाव आतून खळग्याच्या रूपाने जाणवतो. चाक श्रेष्ठ आणि साचा कनिष्ठ असा सरसकट नियम मात्र करू नये. टेकोची वास्तुशिल्पासारखी दिसणारी, कमानी आणि खांबांची आठवण करून देणारी भांडी साच्यातूनच निघत, कारण विल्यम डे गेट्स यांचा मूळ धंदा इमारतींसाठी लागणाऱ्या टेराकोटाचा होता, आणि त्या भांड्यांची किंमत आकारावरच ठरते. ग्रूबीचे उलट आहे: भांडे चाकावर ओढले जाई, त्यावर मातीच्या बारीक वळ्या चिकटवून पानांच्या कडा आणि शिरा हाताने उभ्या केल्या जात. म्हणून ग्रूबीच्या दोन पानांत किंचित फरक सापडला नाही, तर तीच शंका घेण्याची जागा आहे.

झिलई ही तर स्वतंत्र भाषाच आहे. ग्रूबीची हिरवी झिलई जाड आणि कलिंगडाच्या सालीसारखी असते, आणि पानाच्या उंच कडेवरून ओघळून ती पातळ होते तिथे खालची फिकट माती डोकावते. टेकोची हिरवी थोडी राखाडी असून खोलगट जागी तिच्यात काळसर धातूसारखी झाक साचते, आणि ही झाक जितकी चांगली तितकी संग्राहकांची चढाओढ जास्त. न्यू जर्सीतील फ्लेमिंग्टनच्या फुल्परने १९०९ पासून काढलेल्या मालात एकाच भांड्यावर दोन-तीन झिलया एकमेकींत वाहतात. तिथे झिलईच नायिका आहे आणि आकार बहुधा साधा ठेवलेला आहे. वेलरच्या कारखान्यात फ्रान्सहून आलेल्या झाक सिकार यांनी १९०७ पर्यंत केलेले काम जांभळ्या, हिरव्या आणि सोनेरी धातुचमकीचे आहे. त्यातील सही तळाला शोधत बसू नये, ती बहुतेक वेळा भांड्याच्या अंगावर चमकत्या नक्षीतच मिसळलेली असते.

मिसिसिपी राज्यातील बिलॉक्सीचा जॉर्ज ओर हा या सर्व चौकटींबाहेरचा माणूस होता. त्याने चाकावर कागदाइतक्या पातळ भिंती ओढल्या आणि मग त्या चुरगाळल्या, पिळल्या, दुमडल्या. समकालीनांनी त्याला वेडा कुंभार म्हटले, गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली, आणि हजारो भांडी त्याच्या कुटुंबाकडे पडून राहिली. १९७० च्या सुमारास ती एका व्यापाऱ्याने घेतल्यावर बाजाराने डोळे उघडले. ओरचे भांडे उचलताच ते अपेक्षेपेक्षा हलके लागते, आणि अस्सलपणाची पहिली खूण तीच असते. त्याला चाक शिकवणारे जोसेफ मेयर हेच पुढे न्यूकममध्ये भांडी ओढत आणि तिथल्या तरुणी त्यावर कोरीव काम करीत, हा योगायोग दोन्हींचे संग्राहक आवडीने सांगतात.

रुकवूडचा तळ वाचणे

छाप शेवटी पाहावी असे मी म्हटले, पण ती पाहायची वेळ आली की ती नीट पाहावी, आणि रुकवूडचा तळ वाचायला शिकलेल्याला इतर कारखान्यांचे तळ सोपे जातात. १८८६ पूर्वीच्या मालावर बहुधा ठळक अक्षरांत कारखान्याचे नाव आणि वर्ष दाबलेले असते. १८८६ मध्ये उलटा आर आणि पी ही अक्षरे पाठीला पाठ लावून जोडलेले चिन्ह आले. १८८७ पासून दर वर्षी त्या चिन्हाभोवती एक ज्योत वाढत गेली, आणि १९०० साली ज्योती १४ झाल्या. १९०१ पासून ज्योती १४ वरच थांबल्या आणि खाली रोमन अंकात वर्ष येऊ लागले, म्हणजे रोमन २० असेल तर १९२०. सहा ज्योती मोजल्या तर १८९२ हे उत्तर निघते. मोजताना भिंग आणि तिरपा प्रकाश वापरावा, कारण झिलईने बुजलेली एखादी ज्योत सहज निसटते.

चिन्हाखाली आकाराचा क्रमांक असतो आणि त्याच्यापुढे अनेकदा एक अक्षर असते. हे अक्षर त्या आकारातील मोठे-लहानपण सांगते: ए सर्वांत मोठा, आणि पुढे एफपर्यंत उतरता. व्ही हे दाबलेले अक्षर व्हेलम झिलईची खूण आहे. ही दुधाळ, मऊ झिलई १९०४ च्या सेंट लुईस प्रदर्शनात लोकांसमोर आली, आणि धुक्यातील झाडे व तळ्यांची दृश्ये तिच्यात विलक्षण खुलतात. डब्ल्यू या अक्षराने मात्र नवखे गोंधळतात. ते ठशाने दाबलेले असेल तर पांढऱ्या मातीची खूण असते, आणि चित्रकाराच्या आद्याक्षरांजवळ हाताने कोरलेले असेल तर आयरिस या स्वच्छ, चकचकीत झिलईची. पिवळसर-तपकिरी, उबदार रंगाची स्टँडर्ड झिलई ही रुकवूडची जुनी ओळख आहे. तिच्यातील गडद-फिकट रंगांचे अलगद मिसळणे साधले ते फवारणीच्या तंत्रामुळे, ज्याचे पेटंट लॉरा फ्राय यांना १८८९ मध्ये मिळाले, त्याच वर्षी पॅरिसमध्ये रुकवूडने सुवर्णपदकही जिंकले.

चित्रकाराची आद्याक्षरे किमतीत मोठा फरक करतात. १८८७ मध्ये जपानहून आलेले कातारो शिरायामादानी, तसेच ॲल्बर्ट व्हॅलेंटीन, कार्ल श्मिट, सारा सॅक्स यांची कामे वरच्या भावाने जातात. तरीही चांगल्या चित्रकाराचा वाईट दिवस आणि साध्या चित्रकाराचा चांगला दिवस असतो, म्हणून केवळ सहीसाठी पैसे मोजू नयेत. तळावर चाकाने खरवडलेली फुली दिसली तर कारखान्याने तो माल दुय्यम ठरवला होता असे समजावे. कारण कधी झिलईतील बुडबुडा असतो, कधी डोळ्यांना दिसतही नाही. फुली असली म्हणून भांडे टाकाऊ ठरत नाही, पण किंमत त्या प्रमाणात उतरलेली असलीच पाहिजे.

नकला, पुनर्निर्मिती आणि नंतर चढवलेली झिलई

सर्वांत जास्त फसवणूक रोझव्हिलच्या नावाने होते, कारण हे नाव सर्वांना ठाऊक आहे आणि माल साच्याचा आहे. १९९० च्या दशकात चीनमध्ये बनलेल्या प्रतिकृती बाजारात आल्या. कारखान्याच्या अखेरच्या काळातील अस्सल मालावर रोझव्हिल हे नाव, त्याखाली यू.एस.ए. आणि आकार क्रमांक उठावात असतो. प्रतिकृतींवर बहुधा यू.एस.ए. नसते किंवा अगदी पुसट असते. आकड्यांची फोडही उपयोगी पडते: ‘९०-७’ असे असेल तर ९० हा आकाराचा क्रमांक आणि ७ म्हणजे इंचांतील माप. अस्सल भांड्यावरून साचा घेऊन केलेली नक्कल भाजताना आकसते, त्यामुळे मोजपट्टी लावल्यावर ती थोडी लहान भरते. याशिवाय नकलेत पानाफुलांचे रंग भडक आणि कडेबाहेर गेलेले असतात आणि उठाव बोथट असतो.

यातून एक उलटी चूक संभवते: छाप नाही म्हणून अस्सल भांडे सोडून देणे. १९२० आणि १९३० च्या दशकांत रोझव्हिलने कित्येक मालिकांवर फक्त कागदी किंवा चंदेरी लेबल लावले, जे पुढे धुण्यात निघून गेले. फ्युच्युरा ही १९२८ ची, कोनाकोनांची आधुनिक मालिका आज खूप मागणीत आहे आणि तिच्यातील बरेच नग तळाशी कोरेच आहेत. ज्याने आकार आणि झिलया पाठ केल्या आहेत त्याला अशा कोऱ्या तळांत संधी दिसते. ग्रूबीच्या गोल ठशातही झिलई भरून अक्षरे बुजलेली अनेकदा आढळतात.

व्हॅन ब्रिगलचा प्रश्न वेगळा आहे, कारण तिथे नक्कल नसून दीर्घायुष्य आहे. रुकवूड सोडून प्रकृतीसाठी कोलोराडो स्प्रिंग्जला गेलेल्या आर्टस व्हॅन ब्रिगल यांनी १९०१ मध्ये भट्टी उभारली आणि १९०४ मध्ये त्यांचे निधन झाले. पत्नी ॲन यांनी काम पुढे चालवले आणि कारखाना २०१२ पर्यंत टिकला. ‘लोरेलाय’ ही काठाभोवती लपेटलेल्या स्त्रीची फुलदाणी त्यामुळे शंभर वर्षे निघत राहिली. दोन जोडलेल्या ए अक्षरांचे चिन्ह सर्वांवर सारखेच असते. फरक वर्षाचा आहे. सुरुवातीच्या मालावर तळाला वर्ष कोरलेले असते, नंतरच्या मालावर वर्षाऐवजी गावाचे संक्षिप्त नाव दिसते. वर्ष कोरलेल्या लोरेलायची आणि नंतरच्या निळ्या-हिरव्या लोरेलायची किंमत यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे, आणि विक्रेता दोन्हींना जुनी व्हॅन ब्रिगल म्हणेल.

ओरच्या बाबतीत सावधगिरी झिलईची घ्यावी. त्याने आयुष्याच्या उत्तरार्धात बरीच भांडी मुद्दाम झिलईविना ठेवली होती, आणि त्यांपैकी काहींवर पुढे दुसऱ्यांनी झिलई चढवली. भांडे ओरचे, छाप ओरची, आणि वरचा रंग मात्र परक्याचा, अशी ही अडचण आहे. हे ओळखणे नवख्याचे काम नाही. ओरचे झिलईदार भांडे तज्ज्ञाच्या लेखी हमीशिवाय घेऊ नये. आजचे काही कुशल कुंभारही जुन्या मंद हिरव्या शैलीत उत्तम माल करतात आणि त्यावर आपली छाप प्रामाणिकपणे उमटवतात. ती छाप कोणी घासून काढली की तोच माल शंभर वर्षांचा म्हणून विकला जातो, म्हणून तळावर घासल्याचा ताजा, फिकट डाग दिसला तर भांडे खाली ठेवावे. रुकवूडचे नाव या शतकात सिनसिनाटीत पुन्हा उत्पादनात आले आहे. त्या मालावर नवे वर्ष असते, ते वाचावे एवढेच.

टवके, तडे आणि लपवलेली दुरुस्ती

प्रत्येक दोष म्हणजे नुकसान नव्हे. भट्टीत शेजारच्या भांड्याला चिकटल्याची खूण, झिलई न पोहोचलेला ठिपका, तळाखालच्या टेकूंचे व्रण किंवा तळ घासताना उडालेल्या बारीक कपच्या हे सर्व कारखान्यातच झालेले असते आणि बाजार ते बहुधा माफ करतो. कारखान्यातील दोषाच्या कडेवर झिलई वितळून गोलाई आलेली असते; नंतर उडालेल्या टवक्याची कड धारदार असते आणि आतली माती कोरडी दिसते. झिलईवरची बारीक जाळी हा तिसराच प्रकार आहे. थंड होताना माती आणि झिलई सारख्या प्रमाणात आकसत नाहीत, त्यामुळे ती पडते. रुकवूडच्या स्टँडर्ड आणि व्हेलममध्ये ती इतकी सर्रास असते की जाळी नसलेला व्हेलम हेच कौतुक ठरते. जाळीत तपकिरी डाग शिरले असतील किंवा ती चित्रातील चेहऱ्यावरून जात असेल तर मात्र भाव कमी मागावा.

केसाएवढा तडा याहून गंभीर असतो आणि तो जवळजवळ नेहमी काठापासून सुरू होतो. भांडे रिकामे करून तळहातावर ठेवावे आणि बोटाच्या पेराने हलकेच वाजवावे. अखंड भांडे निनादते, तडकलेले बद्द आवाज देते. जाड, कमी आचेवर भाजलेली माती अखंड असूनही फारशी निनादत नाही, हे लक्षात ठेवून केवळ आवाजावर निकाल देऊ नये. काठावरून नखाची कड फिरवावी, तोंडातून आत विजेरी सोडावी, आणि आतली बाजू बाहेरच्या बाजूइतकीच वेळ देऊन पाहावी. तडा बाहेरून रंगवणारे आतून रंगवायचा कंटाळा करतात.

दुरुस्ती शोधण्यासाठी अतिनील दिवा जवळ ठेवावा. अंधाऱ्या खोलीत त्याचा प्रकाश टाकला की रेझिन आणि रंगाचा भाग मूळ झिलईहून निराळ्या तेजाने दिसतो. काही आधुनिक दुरुस्त्या या दिव्यालाही चकवतात, म्हणून स्पर्शाची मदत घ्यावी: झिलई थंड आणि कठीण लागते, रंगवलेला भाग किंचित उबदार आणि मऊ. काठाचे आणि कानांचे टोक, फुलांच्या उठलेल्या पाकळ्या, तळाची कड या जागा आधी तपासाव्यात, कारण भांडे पडले की पहिला घाव तिथेच बसतो. तळाला भोक असेल तर ते दिव्यासाठी पाडलेले असते. कारखान्यातच पाडलेल्या भोकाच्या आत झिलई ओघळलेली सापडते. नंतर पाडलेले भोक कोरडे आणि कडांना तुटलेले असते, आणि त्याने किंमत निम्म्यावर येऊ शकते.

मोडतोड किती सहन करावी, हे दुर्मीळतेवर ठरवावे. रोझव्हिलच्या हजारोंनी निघालेल्या फुलदाणीला टवका असेल तर ती घेऊच नये, तसलीच अखंड पुन्हा मिळेल. ओर किंवा सुरुवातीच्या न्यूकमचा लहानसा दोष असलेला सुंदर नग समोर आला तर मी तो सोडणार नाही.

खरेदी कुठे आणि कशी करावी

या विषयाचे खास लिलाव करणारी घरे अमेरिकेत आहेत. न्यू जर्सीतील लॅम्बर्टव्हिलचे रॅगो आणि सिनसिनाटीचे हम्लर अँड नोलन ही त्यांतील ठळक नावे. त्यांच्या जुन्या विक्रीच्या याद्या भाव समजण्याचा सर्वांत विश्वासार्ह मार्ग आहेत, कारण त्यांत मागितलेली किंमत नसून मिळालेली किंमत असते. हातोडा पडला त्या बोलीवर खरेदीदाराला आणखी अधिभार द्यावा लागतो, जो सर्वसाधारणपणे २० ते ३० टक्क्यांच्या दरम्यान असतो. म्हणजे १,००० डॉलरांची बोली २५ टक्के अधिभाराने १,२५० डॉलरांची होते आणि त्यावर विक्रीकर व पाठवणीचा खर्च वेगळा. आपली कमाल रक्कम हे सर्व धरून कागदावर लिहावी आणि मगच बोलीला बसावे.

अँटिक मॉल, इस्टेट सेल (घरातील सगळ्या सामानाची विक्री) आणि फ्ली मार्केट (जुन्या वस्तूंचा बाजार) येथे अजूनही संधी सापडते, विशेषतः कोऱ्या तळाच्या मालात. पण तिथे माल परत घेण्याची हमी क्वचित मिळते. ऑनलाइन खरेदीत तळाचे, काठाचे, आतल्या बाजूचे आणि तिरप्या उजेडातील छायाचित्र मागावे, आणि टवका, तडा, दुरुस्ती, भोक यांपैकी काय आहे हे नाव घेऊन विचारावे. ‘वयाच्या मानाने उत्तम स्थिती’ या उत्तराला काहीच अर्थ नसतो. लेखी उत्तर न देणाऱ्या विक्रेत्याकडून मी तरी घेणार नाही. ओळखी वाढवायच्या असतील तर १९७९ पासून चालत आलेल्या अमेरिकन आर्ट पॉटरी असोसिएशनचे सभासदत्व घ्यावे, आणि नॉर्थ कॅरोलिनातील ॲशव्हिल येथे ग्रोव्ह पार्क इनमध्ये दर फेब्रुवारीत भरणाऱ्या आर्ट्स अँड क्राफ्ट्स परिषदेला एकदा तरी जाऊन यावे.

सांभाळ, नोंदी आणि पाठवणी

जुन्या फुलदाणीत पाणी घालू नये. जाळी पडलेल्या झिलईतून पाणी मातीत झिरपते, डाग वर येतात आणि खालचे फर्निचरही खराब होते. फुले ठेवायचीच असतील तर आत काचेचे भांडे बसवावे. या काळातील झिलयांत शिसे सर्रास वापरले जाई, म्हणून त्यांत खाद्यपदार्थ ठेवू नयेत. धूळ मऊ कुंचल्याने काढावी आणि गरज पडल्यास कोमट पाण्यात सौम्य साबणाचा ओलसर बोळा फिरवावा. क्लोरिनयुक्त ब्लीच कटाक्षाने टाळावे, कारण त्याचे क्षार मातीत राहतात आणि पुढे स्फटिक होऊन झिलई उचलतात. आतल्या चुन्याच्या थरासाठी पातळ व्हिनेगर चालते, परंतु मंद झिलईवर आणि सिकारसारख्या धातुचमकीवर आम्ल लावू नये. तळाला मूळ लेबल टिकून असेल तर तो भाग कोरडाच ठेवावा, लेबलाचेही पैसे होतात.

प्रत्येक भांड्याची नोंद खरेदीच्या दिवशीच करावी: माप, छाप, छायाचित्रे, दोष, विक्रेता, किंमत आणि लेखी हमी. विमा उतरवताना ही नोंद लागते, आणि विकताना तर लागतेच, कारण अमेरिकेत एक वर्षाहून जास्त काळ बाळगलेल्या संग्राह्य वस्तूच्या नफ्यावर केंद्रीय कराचा दर २८ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो आणि खरेदीची पावती नसेल तर नफा किती हे सिद्ध करणे जड जाते.

भांडे पाठवताना दोन खोके वापरावेत. आधी भांड्याच्या आत मऊ कागद सैल भरावा, बाहेरून बुडबुड्यांच्या प्लास्टिकचे दोन-तीन वेढे द्यावेत, कानांभोवतीची पोकळी वेगळी भरावी, आणि ते घट्ट बसेल अशा खोक्यात ठेवावे. तो खोका दुसऱ्या मोठ्या खोक्यात सर्व बाजूंनी किमान दोन इंच भराव राहील असा बसवावा. बंद केलेला खोका हलवून पाहावा. आत काही सरकल्याचे जाणवले तर तो उघडून पुन्हा भरावा.